बांध नसलेली हिरवळ

मूठभर युरिया घ्यायचा, ती मूठ एकदा कपाळाला टेकवायची आणि मग कमरेतून वळून, उजवीकडून डावीकडे, अशी सोडायची की पांढरे दाणे गवतावर पंख्यासारखे पसरले पाहिजेत. मग हात पँटीला पुसायचा आणि समोर जो कोणी उभा असेल त्याला सांगायचं, "हिरवं दिसलं म्हंजे झालं."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल. एकच वाक्य घेऊन नोकरी काढलेला. आमच्याकडे हा होता. मला तो आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कामावरून गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप मऊ होतो, आणि या माणसाच्या बाबतीत मला तो मऊ होऊ द्यायचा नाही.

आमची कंपनी लहान आहे. मोठ्या ऑफिसांच्या आवारातल्या बागा सांभाळायचं काम आम्ही घेतो. ऑफिस बेंगळुरात, कोरमंगलात, एका बिर्याणीच्या हॉटेलच्या वर. तिथे बसून मी आठवड्याचं काम लावते: कुठल्या साइटवर कोण जाणार, गवत कापायचं यंत्र कुठल्या दिवशी कुठे, खत कधी, फवारणी कधी. हा व्हाइटफील्डच्या एका मोठ्या आवारात सुपरवायझर होता. समोर काचेच्या इमारती, मध्ये उतरती हिरवळ आणि उताराच्या टोकाला एक तळं, त्यात नारिंगी मासे.

मी जयनगरची. आमचं घराणं किती पिढ्या बेंगळुरात आहे ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. तो निपाणीकडच्या एका खेड्यातला. मी त्याला 'अण्णा' म्हणायचे, इथे सगळ्यांनाच म्हणतात म्हणून. तो वयाने मोठा असून मला 'अक्का' म्हणायचा. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून. आमच्या मालकांना वाटलं होतं, कंपनीत दोनच मराठी माणसं, दोघांचं छान जमेल. प्रत्यक्षात आम्हाला भांडायला एक भाषा मिळाली, जी बाकी कोणाला कळत नव्हती.

माझ्या यादीला तो पंचांग म्हणायचा. सोमवारी सकाळी फोन लावायचा आणि नमस्कार वगैरे काही न करता विचारायचा, "काय अक्का, आज पंचांगात काय हाय?"

"पूर्वेकडच्या लॉनला पाणी, कुंड्यांची माती बदलणं आणि बुधवारी कापणी. लिहून पाठवलंय तुम्हाला."

"लिवल्यालं वाचून गवत वाढतंय व्हय?"

"तुम्ही वाचलं तरी पुरे, अण्णा. गवताला मी काही म्हणत नाही."

"वाचतो की. हिरवं दिसलं म्हंजे झालं न्हवं?"

आमच्या भांडणाचं मूळ या हिरव्यात होतं. युरियात नायट्रोजन असतो आणि तो मिळाला की गवत गर्द होतं, हे खरं. पण ते वाढतंही. वाढलं की कापावं लागतं. आमच्याकडची यंत्रं मोजकी. मी ती साइटवार फिरवायचे. याच्या हिरवळीवर यंत्र बुधवारी जायचं असायचं, तर शुक्रवारीच फोन, "गवत घोट्याला लागाय लागलंय, मशीन धाडा." मशीन धाडलं की दुसरी साइट माझ्या नावाने शंख करायची. याच्या मुठी सुटायच्या व्हाइटफील्डला आणि त्याचा जाब मी द्यायचे सर्जापूर रोडला. मालकांना मात्र तो फार हुशार वाटायचा. कोणी बडा पाहुणा येणार असला की आठवडाभर आधी हा युरियाची फवारणी करायचा आणि पाहुण्याच्या दिवशी हिरवळ अशी दिसायची, जणू आत्ताच रंगवून घेतली. मालक त्याची पाठ थोपटायचे. तो तिथूनच माझ्याकडे बघायचा.

युरिया तो गावाकडून आणायचा. सणावारी घरी गेला की परतताना बसच्या डिकीत एक पोतं असायचंच. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "अण्णा, हा शेतीसाठी स्वस्तात मिळणारा युरिया आहे. कंपनीच्या हिरवळीवर टाकायला नाही."

"माझ्या शेताचाच हाय. उसाचा कमी करतो आन हितं टाकतो. सरकारचं काय गेलं?"

"आणि उसाचं?"

"ऊस भाऊ बघतोय. त्येला काय कळतंय!"

भावाला कळत नाही, मालकांना कळत नाही, मला तर मुळीच कळत नाही. जगात कळणारा एकच माणूस, तो व्हाइटफील्डला कंपाउंडच्या आत उभा होता.

दसऱ्यात, आयुधपूजेला, आम्ही यंत्रं धुऊन, कुंकू लावून, हार घालून ठेवतो. एका वर्षी पूजेला मी त्या साइटवर गेले, तर यंत्राशेजारी युरियाचं पोतं. त्यालाही कुंकू, त्यालाही झेंडूचा हार.

"हे काय यंत्र आहे?" मी विचारलं.

"मग काम कोण करतंय हितं? तुमचं मशीन कापतंय. वाढवतंय कोण?"

उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. युरिया पाण्यात विरघळताना पाणी चांगलंच गार पडतं. हे मला त्याच्याकडूनच कळलं आणि कळल्याचा आनंद झाला नाही. फवारणीची बादली कालवून झाली की तो आपली ताकाची बाटली त्यात बुडवून ठेवायचा. फवारणीची तयारीही झाली, ताकही गार झालं. एकदा मी उन्हातून आले तेव्हा ती बाटली बादलीतून काढून, पँटीला पुसून, त्याने माझ्यापुढे धरली.

"घ्या अक्का. फ्रीजमधलं न्हाई, युरियातलं हाय."

मी नको म्हटलं. त्याने अर्धी बाटली तिथेच रिकामी केली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "म्हणून तुमचा चेहरा असा वाळल्याला."

त्याच्या हाताखाली बायकांची टोळी होती. तण काढणं, आळी करणं, पालापाचोळा गोळा करणं ही त्यांची कामं. तो त्यांच्यावर दिवसभर ओरडायचा. कन्नडात ओरडायचा, राग फारच आला तर मराठीत. टोळीची मुख्य रत्नम्मा. तिचं घर आवाराच्या मागच्या भिंतीपलीकडे. घरात अंथरुणाला खिळलेली आई. दुपारच्या सुट्टीत रत्नम्मा मागच्या गेटने घरी जायची, आईला भरवायची, कूस बदलून द्यायची आणि परत यायची. हे सगळं त्या एका साइटवरच शक्य होतं. दुसरीकडे पाठवलं असतं तर तिला काम सोडावं लागलं असतं. ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि ओरडणाऱ्यालाही माहीत होतं.

रत्नम्माने स्टोअरच्या मागे टोमॅटोची चार रोपं लावली होती. याने न विचारता त्यांना युरिया घातला, पुन्हा घातला. रोपं तिच्या डोक्याच्या वर गेली. पानं तळहाताएवढी. टोमॅटो एक नाही.

"झाड बगा की कसलं आलंय!" तो मला दाखवत होता.

रत्नम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. कन्नडात म्हणाली, "अण्णा, सारात पानं घालू का?"

सगळ्या बायका हसल्या. तो हसला नाही. "फळ येतंय मागनं," म्हणाला. आलं नाही.

तर असा हा माणूस. हट्टी, तोंडाळ आणि स्वतःवर खूश. त्याचं काही चुकू शकतं ही शक्यता त्याच्या डोक्यात कोणी कधी पेरलीच नव्हती.

मग आवाराच्या व्यवस्थेवर नवा फॅसिलिटी मॅनेजर आला. तरुण, दिल्लीकडचा, आमच्याशी हिंदीत बोलणारा. त्याने आम्हाला बोलावून सांगितलं की यापुढे आवारात रासायनिक खत चालणार नाही. तळ्याचं पाणी हिरवट दिसू लागलं होतं. शहरातल्या तळ्यांची जी अवस्था झाली आहे ती आपल्या आवारात नको, असं त्यांच्या वरच्यांनी ठरवलं होतं. तळं स्वच्छ राहिलं तर करार पुढे चालू. नाहीतर दुसरी कंपनी, आणि दुसरी कंपनी आपली माणसं घेऊन येणार.

"और लॉन?" आमच्या मालकांनी विचारलं.

"लॉन तो ग्रीन चाहिए ही चाहिए."

मी कंपोस्टची व्यवस्था केली. वेळापत्रक नवीन लावलं. युरियाची पोती स्टोअरमधून काढायला सांगितली. हा खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. कंपोस्टची पोती आली तेव्हा त्याने एक फोडलं, ओंजळ नाकाशी नेली आणि पुन्हा पोत्यात टाकली.

"हे घालून गवत उपाशी मरंल."

"मरणार नाही. हळू वाढेल. स्वल्प धीर धरा."

"धीर तुमी धरा. फोन मला येतोय."

फोन त्यालाच येत होते, हे मात्र खोटं नव्हतं. युरिया बंद झाल्यावर हिरवळ फिकट पडली. वाईट नव्हती, पण ज्यांना गर्द रंगाची सवय झाली होती त्यांना ती आजारी वाटायला लागली. मॅनेजर रोज सकाळी वरच्या मजल्यावरून बघायचा आणि खाली फोन करायचा. रसायन नको आणि रंग मात्र रसायनाचा हवा, असा तो सगळा प्रकार. एकदा त्याने रत्नम्मासमोरच याला सुनावलं की एवढं जमत नसेल तर सगळ्यांना बदलून टाकतो.

त्यानंतर हिरवळ सुधारायला लागली. मला वाटलं, कंपोस्ट लागू पडलं. मी मनातल्या मनात जिंकले होते.

मग उन्हाळ्यातले संध्याकाळचे पाऊस सुरू झाले आणि तळं हिरवं झालं. हिरवट नाही, चांगलं दाट हिरवं, पालकाची भाजी वाटून ओतावी तसं. एका सकाळी मासे पोटं वर करून काठाला लागलेले दिसले. मॅनेजरने मला बोलावून घेतलं. मी मेट्रोने व्हाइटफील्डला पोचले आणि थेट वर त्याच्या केबिनमध्ये गेले. तो तळ्याबद्दल बोलत होता आणि मी त्याच्या मागच्या खिडकीतून खाली बघत होते.

हिरवळीवर पंखे होते. जमिनीवरून चालताना कधी दिसले नसते, पण वरून स्वच्छ दिसत होते. गर्द हिरवे, अर्धगोल, एकाला एक लागून, उजवीकडून डावीकडे. माणूस कुठे उभा राहिला, कुठे वळला आणि कुठे मूठ सुटली, सगळं गवतात उमटलेलं.

मॅनेजरला ते कापणीच्या यंत्राचं डिझाइन वाटत होतं. मी त्याला काही सांगितलं नाही. खाली आले ती सरळ स्टोअरमध्ये.

"अण्णा, युरिया कुठे आहे?"

"कसला युरिया?"

"वरून दिसतोय. तुमची एकेक मूठ दिसतेय."

त्याने नाकारलं नाही. उलट चढ्या आवाजात सुरू झाला. "मग काय करायचं हुतं? तुमचं शेणखत घालून बसलो असतो तर ह्या बाया आज घरी असत्या. रत्नम्माला इचारा. त्यो पोरगा काय बोलला तिच्या म्होरं, इचारा."

"आणि आता मासे मेले. आता काय होणार तिचं?"

"मासं युरियानं मरत्यात व्हय? आमच्या गावात सगळं रान युरियावर हाय. विहिरीत मासं हाईत. पाऊस यायच्या आधी टाकतो मी, टायमाला. पाण्याबरबर मुळाला जातंय. तीस वरसं टाकतोय. बाहीर कशाला जाईल?"

आम्ही दोघेही ओरडत होतो. बायका बाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, विषय कळत होता. तेवढ्यात पत्र्यावर थेंब वाजले. इथला संध्याकाळचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, बादली उपडी करावी तसा येतो. मी छत्री उघडली आणि त्याला म्हटलं, "चला बाहेर."

"ह्या पावसात?"

"ह्याच पावसात."

हिरवळीच्या खालच्या कडेला लोखंडी जाळ्या आहेत. उतारावरून पाणी धावत येत होतं आणि जाळ्यांतून घडघडत खाली जात होतं. गवतावर एक थेंब थांबत नव्हता.

"हे पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

मी पुढे चालू लागले, तो छत्रीबाहेरून भिजत मागे आला. तळ्याच्या काठाला, दगडांच्या मागे, एक जाड पाइप आहे. एरवी कोरडा असतो, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. आता त्याच्या तोंडातून पाणी उसळून तळ्यात पडत होतं.

त्याने पाइपकडे बघितलं. मग मान वळवून वर, हिरवळीकडे. मग पुन्हा पाइपकडे. त्याच्या गावातल्या रानाला चारही बाजूंनी बांध होता. पडलेलं पाणी तिथेच मुरायचं आणि त्यातला युरियाही तिथेच राहायचा. बेंगळुरातल्या या हिरवळीचा उतार आणि जाळ्या पाणी ताबडतोब बाहेर काढायलाच केलेल्या. इतकी वर्षं तो या हिरवळीला रान समजत होता.

"हितं बांधच न्हाई," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच.

त्याचा चेहरा मी तेव्हा एकदाच असा पाहिला. घरातली रोजची पायरी कोणीतरी काढून नेली आणि पाय हवेत पडला, असा. मला त्याची कीव यायला हवी होती. मला फक्त वाटलं, सुटले. याला कळलं एकदाचं.

कळलं होतं, पण त्याच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन. "मॅडम, आप लोग यहाँ क्या बना रहे हैं?"

मी पोचेपर्यंत त्याने निम्मा बांध घालून घेतला होता. काचेच्या इमारतीसमोर, हिरवळीच्या कडेने, लाल मातीचा, दोन वीत उंच बांध. बायका टोपल्या टाकत होत्या, तो पायाने माती दाबत होता. काम मात्र सुबक होतं. वरचा काठ सरळ रेषेत, कोपरे गोल आणि जास्तीचं पाणी सोडायला एका जागी ढेकळांनी बुजवलेलं तोंडसुद्धा.

"अण्णा, हे काढा. आत्ता काढा."

"न्हाई."

"हे काय शेत आहे?"

"एक पाऊस बगा. एकच. तळ्यात थेंब गेला तर म्या सोताच्या हातानं काढतो."

"युरिया बंद केला की पुरे आहे. बांध कशाला?"

"गवत पिवळं पडलं की त्यो पोरगा बायास्नी काढणार. युरिया टाकला की तुमचं तळं मरणार. बांध घातला की दोनी ऱ्हात्यात. तुमच्या पंचांगात हाय का दुसरं काय?"

मी मालकांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये होते. मॅनेजरला म्हटलं, संध्याकाळपर्यंत काढून घेते. बायकांना माती परत ओढायला लावली, पण हा एका टोकाने काढलेली माती दुसऱ्या टोकाला नेऊन टाकत होता. त्या ओढाताणीत आभाळ भरून आलं.

पाऊस नेमका ऑफिस सुटायच्या वेळी आला. हिरवळ भाताच्या खाचरासारखी भरली. आणि खरं ते सांगायला हवं, मी छत्री घेऊन पाइपपाशी गेले तेव्हा तो जवळजवळ कोरडा होता. तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही जिथे माती ओढली होती तिथे बांध फुटला आणि लाल पाणी फरशीवरून थेट लॉबीच्या पायऱ्यांवर गेलं. पांढरा ग्रॅनाइट लाल. लोक बूट हातात घेऊन, पँटी दुमडून उड्या मारत कॅबकडे चालले होते. काही हसत होते, काही मोबाइलवर चित्रण करत होते. आणि हा गुडघाभर चिखलात, हातात फावडं, त्यांच्यावर मराठीत ओरडत होता, "तिकडनं जावा! बांधावर पाय दिऊ नगासा! ओ चष्मेवाले, तिकडनं!"

चष्मेवाल्यांतल्या एकालाही मराठी येत नव्हतं. तरी सगळे तिकडून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने निर्णय दिला. हा माणूस हटवा. बाकीची टोळी राहू दे, करार तूर्त थोड्या महिन्यांसाठी चालू. पुढचं पुढे बघू.

त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. गेली काही वर्षं मी या क्षणाची वाटच बघत होते म्हणा ना. तो स्टोअरमध्ये फावडं धूत होता. मी एका दमात सांगून टाकलं. त्याने पाणी बंद केलं.

"रत्नम्मा ऱ्हातीया न्हवं?"

"राहते. सगळ्या राहतात."

"मग सरी, ठीक हाय," तो म्हणाला. फावडं भिंतीला टेकवलं. मी काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हटलं, "बांधामुळे पाइपात पाणी गेलं नव्हतं, अण्णा. मी पाहिलं."

"तुमी माती काडली न्हसती तर पायऱ्यांवर बी गेलं न्हसतं."

हे असं. जाताना तरी गोड बोलेल, तर तो तो नव्हे. डबा पिशवीत टाकला, बायकांवर एकदा शेवटचं ओरडला, बहुतेक पाण्याचा नळ नीट बंद करण्यावरून, आणि मागच्या गेटने निघून गेला. रत्नम्माला काही दिवसांनी मी विचारलं, कसं चाललंय? "कानाला शांत आहे, अक्का," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "फार शांत आहे."

तळं हळूहळू निवळलं. हिरवळ फिकट झाली ती फिकटच राहिली. जागच्या जागी राहिलेले गर्द पंखेही एकेक करून विरत गेले. मी वरच्या खिडकीतून ते अधूनमधून बघायचे. कामाचा भाग म्हणून.

मग थोड्याच महिन्यांत मॅनेजरच्या कंपनीचे परदेशातले मोठे लोक येणार असं ठरलं. कराराचंही त्या भेटीनंतर ठरणार होतं. मॅनेजर मला बाजूला घेऊन, आवाज उतरवून म्हणाला, "वो बूढ़े अंकल थे ना आपके, जो लॉन एकदम ग्रीन कर देते थे... एक बार के लिए बुला लीजिए ना. एक बार से पॉन्ड को क्या होगा?"

करार त्याच्या हातात होता आणि दुपार झाली होती. रत्नम्मा मागच्या गेटने घरी निघाली होती. मी फोन लावला.

"अण्णा, मी बोलावत नाही. निरोप देते आहे." आणि निरोप सांगितला.

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. तो उसात असावा. "बांध घालू देनार काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग न्हाई येत."

"एकदाच टाकायचंय म्हणतो तो."

"ऐकलं की. जितं बांध न्हाई तितं मूठ सोडत न्हाई म्या आता. तळं कसं हाय?"

"निवळलंय. नवे मासे सोडलेत."

"आन तरी बी इचारतासा? तुमाला अक्कल हाय का न्हाई, अक्का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात तो फोन न ठेवताच दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला लागला. पाणी कुठेतरी फुटलं असावं. फावड्याचे घाव ऐकू आले, चिखलातले, जड. थोडा वेळ मी ते ऐकत राहिले आणि मग माझ्या बाजूने फोन बंद केला. उद्धट माणूस. आपली मूठ चुकत होती, हे त्याने माझ्यासमोर उभं राहून कधी कबूल केलं नसतं.

मॅनेजरला मी सांगितलं, माणूस येणार नाही आणि युरियाही पडणार नाही. त्याने तोंड वाकडं केलं. त्या आठवड्यात मी नीट झोपले असं म्हणणार नाही. करार पुढे वाढला, ते नंतर कळलं.

पाहुण्यांच्या दिवशी मी आणि रत्नम्मा हिरवळीच्या कडेला, जाळ्यांपाशी उभ्या होतो. ते गाड्यांतून उतरले, फिकट गवताच्या शेजारून बोलत बोलत चालले आणि काचेच्या दारातून आत गेले. एकानेही खाली पाहिलं नाही.